‘काही कळत नाही’ असं दाखवायला त्याला शिकवू का?

(ओळख पटेल असे तपशील काढून पत्राचा सारांश देत आहोत.)

हडपसर भागातल्या एका आईचं पत्र आहे. त्या पोळीभाजी केंद्रात काम करतात, यजमान रिक्षा चालवतात. मुलगा सोळा वर्षं नऊ महिन्यांचा, अकरावीत. दोन महिन्यांपूर्वी दोन गटांच्या भांडणात कोयत्याचे वार होऊन एकाचा जीव गेला. चौघांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, त्यात हा सगळ्यात लहान. गाडी तो चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. तो सध्या येरवड्याच्या रिमांड होममध्ये आहे. बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकनाचा (मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्याआधीच्या तपासणीचा) आदेश दिलाय आणि पुढच्या आठवड्यात मानसशास्त्रज्ञ त्याला भेटणार आहेत. भावजी म्हणतात, पोरगा हुशार दिसला तर मोठ्यांच्या कोर्टात जाईल, तेव्हा काहीच कळत नाही असं वागायला शिकव. ओळखीतला एकजण पंधरा हजारांत ‘मंदबुद्धी’चं सर्टिफिकेट आणून देतो म्हणतो. यजमान म्हणतात, वेड्याचा शिक्का बसला की लग्न नाही, नोकरी नाही, मानसोपचारवाल्यांना भेटूच देऊ नका. ‘मी कोणाचं ऐकू?’

ताई,

हातात दिवस थोडे आहेत, म्हणून आधी उत्तर देते. तिघांचंही ऐकू नका. त्याला काही शिकवू नका, पंधरा हजार कुणाला देऊ नका आणि भेटीला नकार द्यायलाही सांगू नका.

मी निवृत्त होईपर्यंत मुलांच्या मानसिक तपासण्यांचंच काम केलं, आणि त्यातली बरीच मुलं मंडळाकडून आलेली असायची. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळखू येणार नाही इतकी बदलून. घरच्यांनी त्याला नीट पढवून पाठवलं होतं. नाव विचारलं की छताकडे बघायचा. पाच आणि तीन किती, तर ‘बारा’. आपल्या देशाची राजधानी कोणती, तर ‘सातारा’. मी मुकाट्याने लिहून घेत होते. मधे चहा आला. त्याने दोन बिस्किटं उचलली, भिंतीकडे बघितलं आणि सहज म्हणाला, “मॅडम, तुमचं घड्याळ धा मिनिटं पुढं हाय. बाहेरचं बरोबर हाय.” बोलून गेल्यावर त्याच्याच लक्षात आलं. बिस्किट तसंच हातात राहिलं.

घड्याळ पुढे नसतं तरी मला कळलं असतं. बुद्धी खरोखर कमी असलेलं मूल सोप्या प्रश्नांना उत्तर देतं आणि अवघड आलं की अडतं. नाटक करणारं मूल सोप्यालाच चुकतं, आणि उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकता येत नाही. शिवाय तुमच्या मुलाची दहावीची गुणपत्रिका आहे, शाळेच्या वह्या आहेत, फोनमधले मेसेज आहेत. ते सगळं एकीकडे आणि ‘राजधानी सातारा’ दुसरीकडे, मग अहवालात काय लिहिलं जाईल? मुलाने माहिती लपवण्याचा प्रयत्न केला, ठरवून वागू शकतो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून खोटं निभावू शकतो. म्हणजे ज्या क्षमतेचा संशय मंडळाला आहे, तिचा पुरावा तुम्हीच डब्यात भरून पाठवल्यासारखं होईल. पंधरा हजारांच्या कागदाचंही तेच. मंडळ सरकारी रुग्णालयाकडून पुन्हा तपासणी करून घेऊ शकतं, आणि कागद खोटा निघाला तर तुमच्यावर नवीन गुन्हा.

भावजींच्या सल्ल्याच्या मुळाशी एक समज आहे: हुशार ठरला तर अडकला, मंद ठरला तर सुटला. हा समज फार लोकांचा आहे, म्हणून थोडं थांबून बोलते.

बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याचं कलम १५ असं आहे की मूल गुन्ह्याच्या दिवशी सोळा पूर्ण केलेलं असेल आणि गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा असेल (कोर्टात सगळे त्याला ‘हीनस’, म्हणजे अतिगंभीर, म्हणतात), तर मंडळाने तीन गोष्टी बघायच्या. तो गुन्हा करण्याइतकी मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का? परिणाम समजण्याची कुवत होती का? आणि कोणत्या परिस्थितीत तो घडल्याचं सांगितलं जातंय? हे मूल्यांकन म्हणजे खटला नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. त्याने केलं की नाही, हे इथे ठरत नाही. उलट अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, असंच धरून चालायचं, हे या कायद्याचं एक मूळ तत्त्व आहे.

आता ‘क्षमता’ म्हणजे बुद्ध्यंक नव्हे. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. गुन्हा करण्याची मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी ठरवू नका, असं न्यायालय म्हणालं. परिणाम म्हणजे फक्त ‘मारलं की माणूस मरतो’ एवढंच नाही, तर त्या घराचं काय होईल, आपल्या घराचं काय होईल, आपल्या पुढच्या आयुष्याचं काय होईल, हेही त्यात आलं. आणि मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी, असंही बजावलं. तुमच्या मुलाला भेटायला कोणी येतंय ते त्यामुळे. हे तज्ज्ञ तुमच्या बाजूचे नाहीत, पोलिसांच्याही बाजूचे नाहीत. निर्णय तेही देत नाहीत. निर्णय मंडळाचा असतो: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली एक तरी बाई. अहवाल त्यांच्यावर बंधनकारक नसतो.

चाचण्या होतील. बिने-कामत होईल कदाचित. कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली आणि आपल्याकडे अजून वापरात आहे. चित्रं काढायला लावतील, अर्धी वाक्यं पुरी करायला देतील. पण बुद्ध्यंकाचा आकडा सांगतो तो टेबलापाशी, पंख्याखाली, एकट्याने विचार करताना मूल काय करू शकतं ते. रात्री अकरा वाजता, मागे दोन जण बसलेले आणि पुढच्या गाडीवरून कोणी ‘चल रे’ म्हणून ओरडतंय, तेव्हा ते काय करतं, हे त्या आकड्यात नसतं. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, आणि या वयात दोस्तांसमोर तो सगळ्यात आधी हार खातो. चांगला तज्ज्ञ शोधतो ते हेच.

माझं मत विचाराल तर हे कलमच मला पटत नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रात्री एका पोराच्या डोक्यात काय चाललं होतं, ते आज दोन बैठकांत मोजून सांगणारी चाचणी माझ्याकडे कधीच नव्हती, आणि दुसऱ्या कोणाकडे बघितलीही नाही. पण कायदा आहे आणि तुमचा मुलगा त्यात आहे, तेव्हा माझं मत बाजूला ठेवू.

यजमानांची भीती वेगळी आहे. या भेटीनंतर कोणी ‘वेडा’ असं लिहून देत नाही. मनोरुग्ण असल्यामुळे गुन्ह्याची जबाबदारी नाही, हा पूर्ण वेगळा बचाव आहे आणि तो खटल्यात मांडतात. इथे आजार शोधायचा नसून मूल समजून घ्यायचंय. अहवाल गोपनीय असतो. आणि समजा यात नैराश्य, अतिचंचलता किंवा नशेचा त्रास सापडला, तर त्यावर उपचार सुरू होतील. कुणी तपासलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं ‘वांड’ ठरत आलेली किती पोरं मी पाहिली! लग्नाचं म्हणाल, तर ज्या गल्लीत त्याचा फोटो फिरलाय तिथे डॉक्टरच्या कागदाची वाट कोणी बघत बसलेलं नाही.

त्या फोटोबद्दलही सांगून टाकते. शेजाऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर तो नावासकट टाकला, असं तुम्ही लिहिलंय. अशा मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट काढून वकिलांकडे द्या. भांडायला जाऊ नका.

आता भेटीत त्याने काय बोलावं? इथे मात्र जपायला हवं, कारण तुमच्या पत्रात न लिहिलेली ही भीती खरी आहे. दवाखान्यातला डॉक्टर आणि मंडळाने पाठवलेला तज्ज्ञ यांत फरक असतो. दवाखान्यात बोललेलं तिथेच राहतं. इथे बोललेलं मंडळापुढे जातं. मी सुरुवातीलाच मुलांना सांगायचे: मी कोण, मला कोणी पाठवलं, तू सांगशील ते मी लिहून देणार आहे, आणि नको वाटेल त्या प्रश्नाला ‘नको’ म्हणायची तुला मुभा आहे. सगळेच हे सांगतात असं नाही. म्हणून भेटीच्या आधी वकिलांना मुलाशी एकांतात बोलायला लावा. घर, शाळा, मित्र, नशा, झोप, भीती याबद्दल त्याने मोकळेपणाने आणि खरं बोलावं. त्या रात्री कोणी काय केलं याबद्दल काय बोलायचं, किती बोलायचं, बोलायचं का नाही, हे वकील ठरवतील. ‘त्याबद्दल मी वकिलांना विचारून बोलेन’ असं म्हणणं म्हणजे उद्धटपणा नाही. खोटं बोलणं आणि गप्प राहणं यात फरक आहे, आणि तो सोळा वर्षांच्या मुलाला बरोबर समजतो.

वकील नसेल, किंवा आहे तो फोनच उचलत नसेल, तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मुलांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० वर फोन केलात तरी वाट सांगतील. पहिलं काम त्यांच्याकडून हे करून घ्या: लावलेली कलमं बघायची. हे बाकीच्या वाचकांसाठीही आहे. खुनाच्या कलमात किमान शिक्षाच जन्मठेप आहे, त्यामुळे तुमच्याकडे मूल्यांकन होणारच. पण खुनाच्या प्रयत्नाच्या मूळ कलमात शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरवलेली नाही, आणि किमान सात वर्षं नसतील तर तो गुन्हा हीनस नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सांगितलं. मग हे मूल्यांकन लागूच होत नाही. वयाचंही बघा. शाळेचा दाखला कायद्यात आधी धरतात, महापालिकेचा जन्मदाखला त्यानंतर. (शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला १ जून आपल्याकडे निम्म्या घरांत आहे, त्याचा हिशेब असा पुढे येतो.) पण वय कमी करून देणारा कोणी भेटला, तर तोही त्या पंधरा हजारवाल्याचाच भाऊ समजा.

तुम्ही संतापून लिहिलंय, मोठ्या घरच्या पोराला निबंध लिहून सोडलं, मग माझंच पोर का? मे २०२४ चा कल्याणीनगरचा अपघात पुण्यात कोण विसरेल. दोन तरुण जीव गेले आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन. लोक भडकले, मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडलं. त्याला प्रौढ समजून खटला चालवा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्यातही बचावाचा मुद्दा वर सांगितला तोच होता, किमान सात वर्षांचा. मुद्दा कायद्याचा आहे. पण तो मुद्दा वेळेवर मांडणारा वकील पहिल्या दिवसापासून शेजारी उभा असणं, हे पैशाचं काम आहे. तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची वाक्यं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. सातव्या वर्षी तो माळ्यावरून पडला, डोक्याला टाके पडले, अर्धा तास शुद्धीवर नव्हता. सातवीनंतर मार्क घसरले. गेल्या वर्षापासून कपड्यांना सोल्युशनचा, म्हणजे पोरं नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या गोंदाचा, वास यायचा. आणि ज्या ‘भाई’च्या वाढदिवसाला कोयत्याने केक कापला, त्या रीलमध्ये हा मागे उभा होता. मंडळाला ‘परिस्थिती’ बघायचीय म्हणजे हेच बघायचंय. घरात एक कापडी पिशवी करा. लसीकरणाचं कार्ड, पडला तेव्हाचे दवाखान्याचे कागद, पहिलीपासूनची सापडतील ती प्रगतिपुस्तकं. शिक्षकांचे शेरे खोडू नका, ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा आज त्याच्या कामाचा आहे. टाक्यांचे कागद हरवले असतील तर ज्या दवाखान्यात नेलं तिथे जुनी नोंद मागा. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. एक संच वकिलांना आणि एक प्रोबेशन ऑफिसरला द्या. सामाजिक तपासणी अहवाल तो लिहितो, घरी येईल, तेव्हा आवराआवर करून ‘आमचं सगळं छान आहे’ असं सांगू नका. दारू असेल तर दारू सांगा, मार असेल तर मार सांगा. आयांना हे फार जड जातं, मला माहीत आहे.

सोल्युशनचं विशेष सांगा. नशा किती दिवस, रोज का कधीतरी, त्या दिवशी केली होती का, यातलं शेवटचं वकिलांना विचारून. आत गेल्यापासून त्याला झोप नाही, चिडतो, हात थरथरतात असं असेल तर अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन डॉक्टरांची तपासणी मागा. मरणाची भाषा एकदाही केली असेल तर त्याच दिवशी सांगा, अर्जाची वाट बघू नका.

अहवाल आल्यावर त्याचा सारांश मंडळ मुलाला आणि पालकांना देऊ शकतं, आणि त्यावर तुमचा पुरावा मांडायची संधीही. मागा. प्रौढ म्हणून खटल्याला मंडळाने ‘नाही’ म्हटलं तर प्रकरण मंडळाकडेच राहतं आणि दोषी ठरला तरी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. ‘हो’ म्हटलं तर शिवाजीनगरला सत्र न्यायालयात बाल न्यायालयापुढे जाईल, पण तिथेही आधी त्यांना स्वतः ठरवावं लागतं की याला प्रौढासारखं वागवायचं का. एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंग नाही. फाशी नाही, आणि कधीच सुटका नाही अशी जन्मठेपही नाही. मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं, आणि अपिलात न्यायालय दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेऊ शकतं, पहिल्यांच्या व्यतिरिक्त. दुसरं मत हवं असेल तर ते असं मिळतं, ओळखीतून नाही. मूल्यांकनाला कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, पण एखाद-दोन आठवडे उलटले म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. त्या आशेवर बसू नका.

तुम्ही स्वतः किती दिवस झोपला नाहीत, ते पत्राच्या अक्षरावरून दिसतं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. पोळ्या लाटता लाटताही बोलता येईल.

एक गोष्ट राहिली. चार पानी पत्रात गेलेल्या मुलाबद्दल अर्धी ओळ आहे. दोष देत नाही, तुमच्या जागी मीही माझ्याच पोराबद्दल लिहिलं असतं. पण तुम्हीच लिहिलंय, मागच्या भेटीत तुमच्या मुलाने विचारलं, ‘त्याच्या घरी कोण कोण असतं गं?’ आणि तुम्ही जेवणाचा विषय काढलात. त्याला वाईट वाटतंय हे दिसलं तर ‘याला सगळं कळतं’ असं लिहितील, ही भीती असणार. तसं होत नाही. कायदा विचारतो त्या रात्रीचं. दोन महिने आत काढल्यावर, रात्री जागून जे कळलं, ते त्या रात्री कळत होतं असं कोणताही जाणता तज्ज्ञ धरत नाही, आणि कोणी धरलंच तर वकिलांना बोट ठेवता येईल.

तो पुन्हा विचारेल. त्या घरी कोण कोण आहे, तुम्हाला माहीत आहे. वस्ती एकच. त्याला सांगा.